गोपाळ मंदिराच्या निर्मात्या श्रीमंत बायजाबाई शिंदे : एक चरित्र



श्रीमहाकालेश्वराचे दर्शन घेऊन गावात आलेला भाविक बहुधा छत्री चौकात येतोच. तेथे संगमरवरी शिखराचे, चांदीच्या दारांचे श्रीद्वारकाधीशाचे मंदिर आहे. उज्जैनकर त्याला गोपाळ मंदिर म्हणतात. हे कोणी बांधले असे विचारले तर शिंदे सरकारांनी, एवढेच उत्तर पुष्कळदा मिळते. उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. हे मंदिर बांधविले ते श्रीमंत दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांनी. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना त्यांचे नाव ऐकून ठाऊक असते, चरित्र मात्र फारसे नसते. म्हणून हा लेख.

बायजाबाईंविषयी जे लिहिले गेले ते मुख्यतः राज्यकारभाराच्या अंगाने. कोणी त्यांना करारी म्हटले, कोणी कारस्थानी, कोणी धनलोभी. इंग्रज अधिकाऱ्यांचे कागद तर त्यांच्या खजिन्याचा अंदाज घेण्यातच गुंतलेले दिसतात. बाप, नवरा, सासवा, दत्तक मुलगा, लेक, नात या सर्वांची मने सांभाळण्यात या बाईंचे जे आयुष्य गेले, त्याची नोंद ठेवण्याचे कोणास कारण पडले नाही. आम्हांस त्यांचे चरित्र त्या बाजूने सांगावेसे वाटते.

बायजाबाईंचा जन्म १७८४ साली कोल्हापूर प्रांतातील कागल येथे झाला. वडील सखाराम घाटगे हे कागलच्या देशमुख घराण्यातले. मातोश्रींचे नाव सुंदराबाई. घाटगे हे जुने, मानी मराठा कुळ. 'सर्जेराव' हा त्यांचा किताब आणि इतिहासात ते त्याच नावाने ओळखले जातात. घरात घोड्यांची पागा होती. मुलीला घोड्यावर बसणे आणि भाला-तलवार चालविणे बालपणीच शिकविले गेले. हे शिक्षण त्यांना पुढे उपयोगी पडले. ज्या कामासाठी त्यांना सासरी पाठविण्यात आले होते त्याचे शिक्षण मात्र कोणत्याही मुलीप्रमाणे त्यांनाही कोणी दिले नव्हते.

१७९४ साली पुण्याजवळ वानवडी येथे महादजी शिंदे निवर्तले आणि दौलतराव गादीवर आले. तेव्हा त्यांचे वय जेमतेम पंधरा. सर्जेरावांची दृष्टी शिंद्यांच्या दिवाणगिरीवर होती व दौलतरावांची सर्जेरावांच्या रूपवान कन्येवर. दोन्ही इच्छा एकमेकींत गुंफल्या गेल्या आणि १७९८ च्या आरंभी पुण्यात मोठ्या थाटाने हे लग्न लागले. वधू चौदा वर्षांची होती. मुलीला विचारण्याची रीत त्या काळी नव्हती आणि हे तर उघडउघड राजकारणातले लग्न होते.

लग्नानंतरचे दिवस कसे गेले असतील याची कल्पना वाचकांनी करावी. फौजेचा पगार तुंबलेला, लग्नाचा खर्च अफाट. पैसा उभारण्याचे काम जावयाने सासऱ्यावर सोपविले आणि सर्जेरावांनी पुण्यातील सावकार व प्रतिष्ठित मंडळींना धरून, छळ करून वसुली चालविली. पुण्याला त्या वसुलीची आठवण पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्याच सुमारास महादजींच्या तीन विधवांनी आपल्या नेमणुकीविषयी व मानपानाविषयी तक्रार केली. सर्जेरावांच्या माणसांनी त्यांच्या तंबूंत शिरून त्यांना धरले आणि मारहाणही केली. शिंद्यांच्या फौजेतील जुने सरदार या अपमानाने खवळले व 'बायांचे बंड' म्हणून इतिहासात प्रसिद्ध असलेला कलह उभा राहिला. तो पुढे दोन-तीन वर्षे चालला.

ज्यांचा अपमान झाला त्या बायजाबाईंच्या सासवा आणि ज्याने केला तो त्यांचा जन्मदाता. चौदा वर्षांच्या नव्या सुनेने या घरात कोणाकडे पाहावे? पुढे वर्ष संपण्याच्या आत दौलतरावांनीच सर्जेरावांना कैद केले. म्हणजे ज्या वर्षी हातावर मेंदी चढली त्याच वर्षी नवऱ्याने बापाला बेड्या घातल्या. मुलगी सासरी नांदत राहिली आणि बाप काही काळाने सुटून पुन्हा कारभारात आला, इतके आपल्याला ठाऊक आहे. या दोन गोष्टींच्या मध्ये अंतःपुरात किती विनवण्या, किती अबोले आणि किती समजुती झाल्या असतील त्याचा कागद नाही. परंतु आमच्या वाचकांतील माता-भगिनींना त्यासाठी कागदाची गरज पडू नये. सासर आणि माहेर यांचे वाकडे आले की दोन्हीकडचे बोलणे ऐकून घेणारी घरात कोण असते, हे त्या जाणतात.

१८०१ हे वर्ष माळव्याला फार वाईट गेले. जुलै महिन्यात यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून या शहरातून जबर वसुली केली. त्याचा सूड म्हणून ऑक्टोबरमध्ये सर्जेरावांनी इंदूर लुटले व तेथे मोठी कत्तल केली. उज्जैन ही तोवर शिंद्यांची राजधानी होती. राणोजी शिंद्यांच्या काळात दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणी केली, ती याच नात्याने. त्या नगरीची झालेली दुर्दशा आणि वडिलांच्या नावाला लागलेला नवा कलंक या दोन्ही गोष्टी बायजाबाईंच्या वाट्याला एकदमच आल्या.

दोन वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. इंग्रजांशी झालेल्या त्या युद्धात बायजाबाई पतीबरोबर मोहिमेवर होत्या. हातात भाला आणि कडेवर तान्हे मूल घेऊन त्या घोड्यावर होत्या, असे पुढे त्यांच्या जनानखान्यात सांगितले जाई. सांगणाऱ्यांच्या अभिमानाचा त्यात काही भाग असेल, तरी तान्हे मूल बरोबर होते ही गोष्ट आम्हांस भाल्यापेक्षा मोठी वाटते.

या युद्धानंतर २२ नोव्हेंबर १८०५ रोजी कंपनी सरकारशी जो तह झाला, त्याची कलमे वाचण्याजोगी आहेत. एका कलमान्वये बायजाबाईंच्या नावे वार्षिक दोन लाखांची व दौलतरावांच्या कन्येच्या नावे एक लाखाची जहागीर कंपनीने देऊ केली. दुसऱ्या एका कलमान्वये सर्जेराव घाटगे यांना कारभारात किंवा मसलतीत कधीही घेऊ नये असे दौलतरावांकडून लिहून घेतले. एकाच कागदावर लेकीला जहागीर आणि बापाला मज्जाव! कंपनीने या घरातील नाती नीट ओळखली होती. पुढे १८०९-१० च्या सुमारास शिंद्यांच्या छावणीतच झालेल्या एका झटापटीत सर्जेराव मारले गेले. बापाच्या मृत्यूला दरबारातील पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, आणि मुलीने सुतक त्याच मंडळींच्या मध्ये बसून पाळले.

याच सुमारास, १८१० मध्ये, दौलतरावांनी आपला तळ ग्वाल्हेरला नेला. किल्ल्याच्या पायथ्याशी जी छावणी पडली तीच आजचे लष्कर. उज्जैनचे राजधानीपण तेव्हा गेले. येथील पेढ्या व व्यापार मात्र टिकून राहिला आणि बायजाबाईंचे पैसेही येथील सावकारीत गुंतलेले असत. हिशेबात त्या पक्क्या होत्या. दौलतराव कारभाराच्या बाबतीत अधिकाधिक त्यांच्यावर विसंबू लागले आणि अखेरच्या आजारात तर दरबार जवळजवळ त्याच चालवीत होत्या. रोगी नवऱ्याची शुश्रूषा, फौजेचा पगार आणि इंग्रज रेसिडेंटाला द्यावयाची उत्तरे, ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीकडे होती. त्यांपैकी पहिल्या कामाला पत्नीधर्म म्हटले गेले आणि उरलेल्या दोहोंना सत्तेची हाव.

२१ मार्च १८२७ रोजी दौलतराव निवर्तले. पुत्र नव्हता. त्यांनी स्वतः दत्तक घेतला नव्हता आणि कारभार बायजाबाईंनी पाहावा अशी त्यांची इच्छा होती. त्याच वर्षी जून महिन्यात बायजाबाईंनी शिंदे कुळातील मुकुटराव नावाचा अकरा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला व त्याचे नाव जनकोजीराव ठेवले. दौलतरावांच्या एका नातीशी त्याचे लग्नही लावून देण्यात आले. गादी आणि रक्ताचे नाते एकत्र बांधून ठेवण्याचा तो प्रयत्न होता.

येथपासून सहा वर्षे ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंच्या हाती होता. काशीस ज्ञानवापीच्या विहिरीवर त्यांनी बांधविलेला खांबांचा मंडप १८२८ च्या सुमाराचा, म्हणजे वैधव्याच्या पहिल्या वर्षांतला आहे. कारभार त्यांनी कडक ठेवला. बाकी तपशिलात आम्ही शिरत नाही. तो इतिहासाच्या ग्रंथांत मिळतो.

परंतु आई आणि मुलगा यांचे जमले नाही. अकरा वर्षांचे पोर आपल्या घरातून उचलून राजवाड्यात आणले गेले. ज्यांना आई म्हणायचे त्याच गादीवर बसलेल्या आणि अधिकारही त्यांचाच. मुलगा वयात येऊ लागला तसे भोवतालच्या मंडळींनी त्याचे कान भरले असतील. पण केवळ कान भरणाऱ्यांवर सारे ढकलणे बरे नव्हे. बायजाबाईंनी त्याच्यावर कडक पहारा ठेवला, त्याला कारभारात वाव दिला नाही आणि त्याने अधिकार मागितला तेव्हा तो देण्याचे टाळले. १८३२ च्या अखेरीस गव्हर्नर जनरल बेंटिंक ग्वाल्हेरला आले असता जनकोजीरावांनी त्यांच्याकडेही आपले गाऱ्हाणे नेले. इतक्या माणसांची मने राखणाऱ्या या बाईंना आपणच निवडून आणलेल्या मुलाचे मन राखता आले नाही. हा दोष आम्ही झाकू इच्छित नाही. मात्र सत्ता हातची न सोडणाऱ्या वडिलांना इतिहास धोरणी म्हणतो आणि तेच आईने केले तर तिला सावत्रपणाचा बोल लागतो, एवढे येथे नोंदवून पुढे जातो.

जुलै १८३३ मध्ये जनकोजीराव वाड्यातून निसटून रेसिडेंटाच्या आश्रयाला गेले. फौजेचा मोठा भाग त्यांच्या बाजूस मिळाला. बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. कंपनी सरकारने जनकोजीरावांना मान्यता दिली. बायजाबाई आपली माणसे, नोकर-चाकर आणि थोडी फौज घेऊन प्रथम धोलपूरकडे, तेथून आग्र्याला, पुढे फर्रुखाबादजवळ फतेहगडला आणि नंतर प्रयागला गेल्या. त्यांचे बंधू हिंदुराव घाटगे दिल्लीस जाऊन राहिले. दिल्लीतील हिंदुराव रुग्णालयाला त्यांचेच नाव आहे.

या वनवासाची हकिकत आपल्याला एका परक्या बाईमुळे समजते, ही नवलाची गोष्ट आहे. फॅनी पार्क्स या इंग्रज बाई कंपनीच्या एका नोकराच्या पत्नी. त्या प्रयागला राहत. १८३५ मध्ये त्यांची फतेहगडला बायजाबाईंशी भेट झाली, मग मैत्री झाली, आणि १८५० साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी हा जनानखाना सविस्तर वर्णिला. दरबारी कागदांतल्या कारस्थानी बाई तेथे दिसत नाहीत. दिसतात त्या साध्या वस्त्रांतल्या, अंगावर जवळजवळ दागिना नसलेल्या, हसऱ्या मुद्रेच्या विधवा. त्या पाहुणीची विचारपूस करतात, श्रावणात मुलींसाठी झोपाळे बांधवितात आणि इंग्रज बाईची एकांगी बैठकीची घोडेस्वारी पाहून मराठमोळ्या बायकांबरोबर मनमुराद हसतात. पार्क्सबाईंनीही मग मराठी पद्धतीने घोड्यावर बसून पाहिले.

त्याच पुस्तकात बायजाबाईंच्या लेकीची हकिकत आहे. चिमणाबाई या त्यांच्या कन्या, आप्पासाहेबांच्या पत्नी, सौंदर्याबद्दल प्रसिद्ध होत्या. ग्वाल्हेर सोडताना तापलेल्या दगडांवरून चालून त्यांचे पाय फोडांनी भरून गेले. श्रम आणि काळजी यांनी ताप आला व त्यातच त्या गेल्या. आई या दुःखातून कधीच सावरली नाही, असे पार्क्सबाईंना जनानखान्यातील बायकांनी सांगितले. तरी त्या छावणीत रोजच्या रोज माणसांचे खाणे-पिणे, पगार, रुसवे-फुगवे आणि दुखणी-बाणी बायजाबाईच पाहत होत्या. गजराजा नावाची चिमणाबाईंची मुलगी आजीजवळ होती. आजीने तिला उत्तम घोडेस्वार केले. आईविना पोरीला रडत बसू न देण्याचा कागलच्या मुलीला ठाऊक असलेला उपाय तोच असावा.

एकदा दोघींमध्ये बायकांच्या स्थितीविषयी बोलणे निघाले. आपल्याकडील विधवेच्या वाट्याला येणारी व्रते, उपवास व निर्बंध यांविषयी इकडून सांगितले गेले. विलायतेत लग्न झालेल्या बाईला कायद्याने स्वतःचे म्हणून काहीच उरत नाही, हे तिकडून सांगितले गेले. दोघींनी आपापल्या देशाचा मोठेपणा मिरविला नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

कंपनी सरकारची इच्छा अशी की बाईंनी आपल्या प्रदेशापासून दूर, काशीसारख्या ठिकाणी राहावे. बायजाबाईंनी पुष्कळ काळ ते मानले नाही. अखेर त्यांना महाराष्ट्रात नाशिकला राहण्याची मोकळीक मिळाली. ज्या मुलाने घराबाहेर काढले त्याच्या राज्याच्या तिजोरीतून मिळणाऱ्या नेमणुकीवर तेथे त्या राहिल्या.

७ फेब्रुवारी १८४३ रोजी जनकोजीराव ऐन तारुण्यात निपुत्रिक वारले. त्यांची विधवा ताराबाई त्या वेळी बारा-तेरा वर्षांची पोर होती. तिच्या मांडीवर आठ वर्षांचा भगीरथराव दत्तक देण्यात आला. तेच जयाजीराव महाराज. त्याच वर्षी २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पन्यार येथे ग्वाल्हेरच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. घर पुन्हा एकदा पोरके झाले होते. बायजाबाई या सुमारानंतर शिंद्यांच्या मुलखात परतल्या. ज्या मुलाशी उभे वैर झाले त्याच्या दत्तक पुत्राची त्या आता आजी होत्या आणि हे नाते त्यांनी मानले. येथे मागील हिशेब काढणे सोपे होते. तो त्यांनी काढलेला दिसत नाही.

परतल्यानंतरची काही वर्षे त्यांची आपल्या उज्जैनमध्ये गेली. त्यांचे नाव येथे कायमचे राहिले ते छत्री चौकातील मंदिरामुळे. गाभाऱ्यातील श्रीगोपाळकृष्णाची मूर्ती, संगमरवराचे काम आणि चांदीची दारे प्रेक्षणीय आहेत. दारांविषयी अशी परंपरा सांगतात की ती मूळची सोमनाथाची, गझनीला गेलेली व महादजी शिंद्यांनी लाहोरहून परत आणलेली. परंपरा म्हणून ती आम्ही येथे देतो.

मंदिराची जागा बाजाराच्या मध्यावर आहे, क्षिप्रेच्या शांत घाटावर नाही. पेढ्या, सराफ आणि गिऱ्हाइकांची वर्दळ यांच्यामध्ये देवाचे घर उभे आहे. हिशेबाच्या वह्या आणि देवपूजा एकाच हाताने सांभाळणाऱ्या बाईंचे हे मंदिर अशा जागी असावे, हे आम्हांस साजेसेच वाटते.

वृद्धपणीही त्यांचे नाव महाराष्ट्रात किती दूरवर गेले होते याचे एक उदाहरण मराठी वाचकांस परिचित आहे. बायजाबाई मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, ही वार्ता कोकणात वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्यापर्यंत पोहोचली. घरचे कर्ज फेडता येईल या आशेने ते १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले व बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. दक्षिणेच्या आशेने निघालेल्या भटजींना दक्षिणा किती मिळाली हा प्रश्न वेगळा. मराठी वाङ्मयाला मात्र या यज्ञाच्या वार्तेने मोठे दान दिले.

जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरवर आले. शिंद्यांची फौज त्यांना जाऊन मिळाली आणि तरुण जयाजीराव आग्र्याला निघून गेले. बायजाबाईंचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. राजवाड्यातील राण्यांना बरोबर घेऊन त्या नरवरला गेल्या. पेशव्यांच्या बाजूने त्यांना साकडे घातले गेले होते. त्या त्यात पडल्या नाहीत. याबद्दल त्यांना दोष देणारे आहेत आणि त्या दोषाला राष्ट्रीय दृष्टीने आधारही आहे. पंचवीस वर्षांपूर्वी अशाच एका पलायनात लेक गमावलेल्या आजीने या खेपेस घरातल्या सुनांना आधी सुखरूप स्थळी नेले, हेही त्याच प्रसंगातील सत्य आहे. त्या काही दिवसांतच लक्ष्मीबाई ग्वाल्हेरला धारातीर्थी पडल्या.

बायजाबाई १८६३ साली ग्वाल्हेर येथे निवर्तल्या. वय एकोणऐंशी. कागलहून पुण्यास नवरी म्हणून आल्यापासून पासष्ट वर्षे त्या शिंद्यांच्या घरात होत्या. त्यांपैकी राज्य केले सहा वर्षे.

कार्तिक शुद्ध चतुर्दशीच्या, म्हणजे वैकुंठ चतुर्दशीच्या मध्यरात्री श्रीमहाकालाची पालखी गोपाळ मंदिरात येते. चातुर्मासात विष्णू विश्रांतीस असता सृष्टीचा भार शिवाने वाहिला, तो या रात्री परत विष्णूच्या स्वाधीन होतो अशी श्रद्धा आहे. महाकालाकडून बिल्वपत्रांची माळ गोपाळाला आणि गोपाळाकडून तुळशीची माळ महाकालाला घातली जाते. या हरिहर भेटीला छत्री चौकात व पटनी बाजाराच्या रस्त्यावर फार गर्दी होते, आतषबाजीही होते. वृद्ध भाविकांनी व लहान मुले बरोबर असलेल्या भगिनींनी रात्री लवकर पोहोचून मंदिराच्या आतील चौकात बसून घ्यावे; पालखी आल्यावर दारातून आत शिरणे कठीण होते.